सेंट पॉलचा हिवाळा आणि उपऱ्यांची वसती

उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी, जेथपर्यंत मिसिसिपी नदीतून मोठ्या आगबोटी सुखरूप येऊ शकत आणि जेथून पुढे उथळ, खडकाळ पात्रामुळे त्यांची गती खुंटे, तेथे मिनेसोटा संस्थानाची राजधानी सेंट पॉल वसलेली आहे. समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर, आणि ध्रुवप्रदेशाकडून येणाऱ्या वाऱ्यास अडवील असा एकही पर्वत मध्ये नाही. त्यामुळे सेंट पॉल व मिनिआपोलिस या जोडशहरांच्या हवामानाच्या दप्तरात जुलै 1936 मधील 108 अंश फॅरनहाइट उष्णता आणि जानेवारी 1888 मधील शून्याखाली 41 अंश थंडी या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी नांदतात. अशा मुलखात बाहेरून येऊन राहणाऱ्यास जो तो एकच उपदेश करतो, की हळूहळू सवय होईल. परंतु या शहराचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला, तर शरीरास होणाऱ्या सवयीचा वाटा त्यात फार थोडा दिसतो. खरा वाटा सरपणाचा, कोळशाचा, गटाराच्या नळाचा, छपराचा, आणि ही सामग्री कोणाच्या वाट्यास यावी हे ठरविणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

मुळात येथे राहणाऱ्या डकोटा लोकांपाशी अशी व्यवस्था होती. उन्हाळ्यात नदीकाठच्या कपोसियासारख्या गावात झाडाच्या सालीच्या प्रशस्त घरांतून राहावे, शरदात पाणथळीतील रानतांदूळ झोडून घ्यावा, हिवाळा आला की चामड्याचे तंबू घेऊन वाऱ्याच्या आडोशाच्या रानात शिकारीसाठी पांगावे, आणि हिवाळा सरताना मेपल वृक्षाचा रस आटवून साखर करावी, असा त्यांचा वर्षक्रम असे. हिवाळ्यापुढे एका जागी ठाण मांडून बसण्याचा हट्ट त्यात नव्हता. 1837 व 1851 च्या तहनाम्यांनी त्यांची जमीन गेली, कबूल केलेली रक्कम वेळेवर पोचेनाशी झाली, आणि 1862 च्या उन्हाळ्याअखेर युद्ध पेटले. युद्ध संपल्यावर सुमारे सोळाशे डकोटा स्त्रिया, मुले व वृद्ध यांना फोर्ट स्नेलिंगच्या किल्ल्याखाली नदीच्या सखल काठावर कुंपणात कोंडून त्या हिवाळ्यात ठेवण्यात आले, व त्यांतले कित्येक गोवर आदी रोगांनी दगावले. या हवेत राहण्याची विद्या ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती, तेच लोक या हवेत असे मेले; कारण ती विद्या वापरण्याची मुभाच त्यांना उरली नव्हती.

गोऱ्या वसाहतवाल्यांचे आरंभीचे हिवाळे म्हणजे एक प्रकारचा बंदिवासच होता. नदी गोठली की आगबोटी बंद, आणि आगबोटी बंद म्हणजे बाहेरचे जग बंद. टपाल काय ते बर्फावरून घसरगाड्यांनी येई. वसंतात शहराच्या खाली असलेल्या लेक पेपिन या नदीच्याच रुंद भागातला बर्फ सर्वांत शेवटी फुटे, आणि तो फुटण्याची वाट पाहत बोटी खाली तिष्ठत उभ्या असत. हा वार्षिक वेढा 1867 मध्ये शिकागोशी आगगाडीचा सांधा जुळल्यावर उठला.

परंतु आगगाडी नुसती असून भागत नाही, तिला उतारू लागतात, आणि ओसाड जमिनीला कूळ लागते. त्याच वर्षी संस्थान सरकारने वसाहतीसाठी एक मंडळ नेमले व हान्स मॅट्सन या स्वीडिश गृहस्थास त्याचा चिटणीस केले. स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन अशा भाषांतून पत्रके छापून युरोपभर पाठविली गेली, आणि त्यांत येथील थंडीचे वर्णन अशा खुबीने केलेले असे की वाचणाऱ्यास ते एक औषधच वाटावे: हवा कोरडी, म्हणून फुप्फुसांना हितकर, गारठा तीव्र, पण अंगाला न बोचणारा. ही कीर्ती त्याआधीपासूनच होती. क्षयाने पीडित झालेला थोरो हा तत्त्वचिंतक 1861 च्या उन्हाळ्यात याच आशेने मिनेसोटात आला, डकोटांना वार्षिक रक्कम वाटण्याचा समारंभ पाहण्यासाठी नदीने आत जाऊन आला, आणि परतल्यावर वर्षाच्या आतच वारला. मॅट्सनसाहेबांची कारकीर्द मात्र अधिक भाग्यवान ठरली. पुढे 1881 मध्ये अमेरिकन सरकारने त्यांस वकील म्हणून कलकत्त्यास पाठविले. मिनेसोटाचा माघ सुसह्य आहे असे हजारोंना पटवून देणाऱ्या माणसाने बंगालचा वैशाख कसा सोसला असेल, याचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही.

थंडीवर द्रव्य मिळविणारा खरा धोरणी पुरुष जेम्स हिल. हा 1856 मध्ये कॅनडातून कोवळ्या वयात येथे आला, धक्क्यावर कारकुनी करू लागला, आणि लाकडाच्या जागी कोळसा येणार हे इतरांआधी ओळखून त्याने शहराच्या इंधनाचा व्यापार हळूहळू आपल्या मुठीत आणला. त्या पायावरच पुढे त्याची रेल्वेची सत्ता उभी राहिली. समिट ॲव्हेन्यूच्या टेकाडावर 1891 मध्ये पुरा झालेला त्याचा लाल दगडी वाडा आजही पाहावयास मिळतो. त्यात बावीस शेकोट्या आणि तेरा स्नानगृहे आहेत.

त्याच काळात, त्याच शहराच्या पूर्व भागात, फेलन नावाच्या ओढ्याने कोरलेल्या एका खोल घळीत स्वीडिश मजुरांची वस्ती होती. तिला लोक ‘स्वीड हॉलो’ म्हणत. वर काठावर हॅम यांचा बिअरचा कारखाना, बाजूने रेल्वेचे रूळ, आणि खाली फळकुटांची घरे. पिण्याचे पाणी झऱ्याचे, दिवे रॉकेलचे, आणि संडास थेट ओढ्यावर खांब रोवून बांधलेले. वारा अडविणारी घळ एका अर्थी निसर्गाचा आडोसा होता खरा, पण गटार व नळ त्या उतारावरून खाली कधी उतरले नाहीत. स्वीडिश लोकांना चार पैसे मिळू लागले की ते जिना चढून वर पेन ॲव्हेन्यूच्या बाजूला राहावयास जात, आणि त्यांच्या रिकाम्या खोपटांत इटलीहून आलेली कुटुंबे शिरत. इटालियन वर चढले, तेव्हा मेक्सिकन आले. या शहरातला ज्येष्ठ-कनिष्ठतेचा क्रम समजून घ्यावयाचा, तर कोणती जात केव्हा त्या घळीत उतरली व केव्हा वर चढली एवढे पाहिले तरी पुरे. शेवटी 1956 च्या डिसेंबरात आरोग्यखात्याने ही जागा वास्तव्यास अयोग्य ठरविली, आणि उरलेल्या रहिवाशांना हलवून सरकारी आगबंबवाल्यांनीच ती घरे पेटवून दिली. जेथे जवळजवळ शंभर वर्षे नळ नेण्याची तजवीज झाली नव्हती, तेथे काडी नेण्यास मात्र विलंब लागला नाही.

ओढ्याच्या खालच्या अंगास आयर्लंडच्या कॉनेमारा भागातील लोकांची अशीच एक वाडी होती, आणि तिची कथा अधिक करुण आहे. बिशप जॉन आयर्लंड यांनी दुष्काळाने गांजलेली ही कोळी-कुळंब्यांची कुटुंबे 1880 मध्ये आणून संस्थानाच्या पश्चिम सीमेवर ग्रेसव्हिल येथे माळरानावर वसविली. हेतू धर्मबुद्धीचा होता, परंतु या लोकांनी तसे विस्तीर्ण शेत कधी नांगरले नव्हते, आणि त्या वर्षी ऑक्टोबरातच हिमवादळ येऊन जो हिवाळा सुरू झाला तो त्या प्रदेशाच्या आठवणीतला अत्यंत कठोर हिवाळा ठरला. त्यांच्या हालांची बातमी वर्तमानपत्रांत गाजली, आळशी कोण आणि निष्काळजी कोण यावर पुष्कळ शाई खर्च झाली, व अखेर बहुतेकांना सेंट पॉलमध्ये आणून मजुरीस लावण्यात आले. कोळ्याला माळावर बसवून त्यास हवामान मानवले नाही म्हणणे, हा न्याय काही बरा नव्हे.

अशा शहरास 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने दुसरा सैबेरिया ठरवून मनुष्यवस्तीस नालायक म्हटले, तेव्हा व्यापारी मंडळींस ते झोंबणे साहजिक होते. कारण जमिनीचा भाव त्या एका वाक्याने पडण्यासारखा होता. योगायोगाने माँट्रिआलचा पुढच्या हिवाळ्यातला उत्सव देवीच्या साथीमुळे रद्द झाला होता. तेथील कारागिरांस पाचारण करून 1886 च्या आरंभी सेंट पॉलच्या मंडळींनी बर्फाच्या चिऱ्यांचा शंभर फुटांहून उंच राजवाडा उभारला, घोंगडीच्या कापडाचे रंगीबेरंगी कोट घालून निरनिराळ्या मंडळांनी मिरवणुका काढल्या, आणि हिमाचा राजा बोरिअस याच्या किल्ल्यावर अग्निराजाच्या सैन्याने आतषबाजीत हल्ला करून त्यास हुसकावून लावण्याचा सोहळा केला. हा हिवाळी जत्रेचा शिरस्ता, मध्यंतरीचे खंड सोडल्यास, आजतागायत चालू आहे. जाहिरातीच्या पोटी जन्मलेला सण म्हणून त्यास नाके मुरडणारे आहेत. आमच्या मते मात्र व्यापाऱ्यांच्या या एका युक्तीने गावाचे खरे कल्याण केले, कारण घरात कोंडून बसलेल्या माणसांस बाहेर पडण्याचे निमित्त त्यांनी मिळवून दिले, आणि त्या निमित्तास भाडे पडत नाही.

जुन्या रहिवाशांस तरी हे हवामान कळलेले असते काय, असा प्रश्न 11 नोव्हेंबर 1940 या दिवसाने उभा केला. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या स्मरणाची ती सुटी होती. सकाळ अशी उबदार, की बदकांच्या शिकारीस निघालेले लोक पातळ जाकिटांवर नदीच्या बेटांवर जाऊन बसले; आणि बदकेही कधी नव्हे इतकी थव्यांमागून थवे येऊ लागली. ती कशापासून पळत आहेत हे शिकाऱ्यांच्या ध्यानात येईपर्यंत दुपारचा पाऊस गारांत व गारा हिमात बदलल्या, लाटांनी होड्या निकामी केल्या, आणि भिजलेल्या कपड्यांनिशी रात्र काढणे ज्यांच्या नशिबी आले त्यांतले अनेक गोठून मेले. मिनेसोटात 49 जण दगावले. त्यांत सुमारे निम्मे शिकारी होते. दुसऱ्या दिवशी विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड आपले लहानसे विमान घेऊन नदीवर घिरट्या घालत, जिवंत दिसेल त्याच्याजवळ अन्न, व्हिस्की, सिगारेटी व आगपेट्या भरलेले डबे टाकीत हिंडला, आणि शोधणाऱ्या होड्यांना वरून दिशा दाखवीत राहिला. मेलेले बहुतेक याच मातीत वाढलेले होते.

सामाजिक वळणाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याविषयी थट्टा पुष्कळ झाली आहे. स्कँडिनेव्हियन ल्यूथरपंथीयांनी येथील शिष्टाचारास मितभाषी, संकोची सौजन्याचा रंग दिला. गाडी बर्फात रुतली तर अनोळखी मनुष्य न बोलावता येऊन ढकलील, परंतु घरी जेवावयास बोलावण्यास त्यास वर्षे लागतील, अशी नव्याने आलेल्यांची जुनी तक्रार आहे. सामुदायिक जेवण व्हावयाचे ते चर्चच्या तळघरात. तेथे शरदात लुटफिस्कची पंगत बसते: वाळवून कडक केलेला कॉड मासा कित्येक दिवस क्षाराच्या पाण्यात भिजवून, पुन्हा धुऊन, शिजविल्यावर थरथरता असा हा पदार्थ होतो. सुक्या बोंबलाचा वास ज्यांस माहेरची आठवण करून देतो, त्यांना या पंगतीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे का पाणावतात ते सांगावयास नको.

थंडीस शहराबाहेर ठेवण्याचा नवा प्रयत्न 1962 मध्ये शेजारच्या मिनिआपोलिसात झाला. दोन इमारतींच्या दुसऱ्या मजल्यांना रस्त्यावरून जोडणारा काचबंद, ऊबदार पूल तेथे बांधला गेला. सेंट पॉलने 1967 मध्ये त्याचे अनुकरण केले. आज कचेरीपासून खाणावळीपर्यंत कोट न घालता जाता येते. दोन शहरांत भेद असा, की मिनिआपोलिसचे हे पूल खासगी मालकीचे, तर सेंट पॉलचे नगरपालिकेच्या अंमलातले. म्हणून सेंट पॉलमध्ये दारे किती वाजता बंद करावी आणि ऊब घेण्यास आत आलेल्या बेघरास बाहेर काढावे की नाही, हा सार्वजनिक वादाचा विषय होतो.

याच शहरात 1975 नंतर लाओसच्या डोंगरातील मोंग लोक येऊ लागले. अमेरिकेच्या गुप्त युद्धात तिच्या बाजूने लढून हरलेले, थायलंडच्या छावण्यांत काही काळ काढलेले हे शेतकरी. हिम त्यांच्या अनुभवात नव्हते. चर्चसंस्थांनी त्यांची जामिनकी घेतली, कोट दिले, भट्टीचे बटण दाखविले. पुढे नातलगांमागून नातलग येत गेले आणि अमेरिकेतील मोंग वस्तीचे एक मुख्य ठाणे येथे झाले. त्यांचा नववर्षाचा उत्सव मायदेशी सुगी उरकल्यावर उघड्यावर होई; तरुण-तरुणी समोरासमोर रांगा धरून चेंडू झेलीत, आणि त्या खेळातच लग्ने ठरत. नोव्हेंबरअखेरच्या सेंट पॉलमध्ये मैदानात हे शक्य नव्हते. मग थँक्सगिव्हिंगच्या सुटीस त्यांनी शहरातले मोठे सभागृह भाड्याने घेण्यास आरंभ केला, आणि चांदीच्या नाण्यांनी लगडलेल्या पोशाखांची ती रांग आता दिव्यांच्या झगमगाटात, काँक्रीटच्या फरशीवर उभी राहते. उन्हाळ्यात हेच लोक शहराबाहेर जमिनी कसून शेतकरी बाजारात गवती चहा, मिरची व कोथिंबीर विकतात. त्यांच्यातील चौआ ली ही महिला 1991 मध्ये सेंट पॉलच्या शाळामंडळावर व मी मौआ ही 2002 मध्ये संस्थानाच्या सीनेटवर निवडून आली.

परदेशी लोकांच्या अमेरिकेतील प्रवेशाविषयीच्या 1965 च्या कायद्यानंतर आलेल्या आपल्या भारतीय लोकांची गोष्ट सोपी आहे. डॉक्टर, इंजिनियर म्हणून आलेल्यांस घळीत उतरावे लागले नाही. दिवाळीचा फराळ शाळेच्या भाड्याच्या दालनात, पैठणीखाली बुटांची जोडी, आणि पोरांस पणती दारात न लावता खिडकीत लावण्याची शिकवण, एवढ्यावर त्यांची तडजोड भागली. मेपल ग्रोव्ह या उपनगरातील मोठे देऊळही 2006 पासून उभे आहे.

ज्यांची तडजोड एवढ्यावर भागत नाही, त्यांच्यासाठी मिनेसोटात एक कायदा आहे. 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल या काळात बिल थकले तरी घरगुती ग्राहकाची ऊब तोडता येत नाही. मात्र त्यासाठी ग्राहकाने स्वतः वीज वा गॅस पुरविणाऱ्या कंपनीशी बोलून हप्त्यांचा करार करावा लागतो व तो पाळावा लागतो. न बोलणाऱ्यास हे संरक्षण नाही. नव्या कुटुंबाला पहिल्या ऑक्टोबरात शेजारी जी माहिती पुरवितात, तीत कोट कोठे स्वस्त मिळतो याच्या आधी त्या कंपनीस फोन कसा करावा हे सांगितले जावे, आणि इंग्रजी न येणाऱ्याच्या वतीने तो फोन शेजाऱ्याने स्वतःच करावा.