चिमटा लागल्यानंतरची मिनिटं

चेन्नई सेंट्रलला उतरलं की जवळच मोठं सरकारी रुग्णालय लागतं. ते १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात, ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी सैनिकांसाठी सुरू झालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस विलिसचा मेंदूवरचा ग्रंथ निघाला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, ते त्यात चित्रासह दाखवलं होतं. त्या कड्याशिवाय आमची कथा पुढे सरकत नाही.

मानेतल्या धमनीत चरबीचा थर साचला की पक्षाघाताची भीती. थर खरवडायचा तर धमनीला चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं. मग त्या बाजूच्या मेंदूला कोण पोसणार? कडं अखंड असेल तर दुसऱ्या बाजूचं रक्त धावून येतं. पण अनेकांचं कडं कुठेतरी अपुरं असतं, आणि ते वरून कळत नाही.

१९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीजमध्ये ईस्टकॉट आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला बर्फाने गार करून धमनीचा रोगट भाग काढला. थंड मेंदूला रक्त कमी लागतं, एवढाच आधार होता. पुढे मेंदूवर पहारा ठेवण्याच्या युक्त्या आल्या. चिमट्यापलीकडे उलट येणाऱ्या रक्ताचा दाब मोजायचा. हान्स बर्गरने १९२४ मध्ये प्रथम टिपलेल्या मेंदूच्या विद्युतलहरी मंदावतात का, ते पाहायचं. १९८२ मध्ये रूने ऑस्लिडने कानशिलाच्या हाडातून आवाजाच्या लहरी पाठवून मेंदूतला रक्तवेग ऐकला. सुटलेली बारीक गुठळीसुद्धा त्यात ‘चिक्’ करून वाजते. हे मोलाचं आहे, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे पक्षाघाताचे बरेच झटके चिमट्यापेक्षा गुठळीनेच येतात. मात्र काही वृद्धांचं हाड इतकं जाड असतं की लहरी आत पोचतच नाहीत.

माझा सर्वांत जास्त विश्वास बसतो तो जागा ठेवलेल्या रुग्णावर. फक्त मान बधिर करतात आणि विरुद्ध बाजूच्या हातात दाबलं की वाजणारं खेळणं देतात. २००८ च्या ३५२६ रुग्णांच्या चाचणीत पूर्ण भूल आणि जागेपण यांच्या निकालांत ठाम फरक दिसला नाही, हे खरं. तरी जागा मेंदू स्वतःच उत्तर देतो. चेन्नईत तो प्रश्न तमिळमध्ये विचारायचा: “अय्या, कैयै अमुक्कुंग.” हात दाबा. खेळणं वाजलं तर काम पुढे चालतं. नाही वाजलं तर धमनीत तात्पुरती नळी घालून रक्त लगेच पुढे सोडायचं.