डोली आणि दोर

गिर्यारोहणाविषयीच्या मराठी लेखनात हरसूलचे नाव क्वचितच आढळते. त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हरिहर मात्र सर्वांच्या परिचयाचा. १८१८ साली कॅप्टन ब्रिग्जने तो जिंकला, तेव्हा कातळातल्या उभ्या पायऱ्यांनी तो थक्क झाला होता. आता सुट्टीच्या दिवशी त्या पायऱ्यांवर रांग लागते. गर्दीबरोबर अपघात आले आणि अपघातांबरोबर 'रेस्क्यू' हा शब्दही मराठीत रुळला.

या कार्याचा लिखित इतिहास बहुतांशी शहरी संस्थांचा आहे. मुंबईची गिरिविहार १९५४ ची. पुढे लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, नाशिकची वैनतेय. डोंगर चढण्याच्या छंदातून जमलेल्या या मंडळींवर शोध आणि बचावाची जबाबदारी हळूहळू येऊन पडली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळून तीस जण दगावले, तेव्हा दरीतून मृतदेह वर आणायला हेच गिर्यारोहक दोर लावून उतरले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, त्या रात्रीही तेच धावले. वेतन नाही, साहित्य देणग्यांतून. त्यातही नायलॉनचा दोर घासून, उन्हाने, झटक्यांनी कमजोर होतो आणि धडधाकट दिसत असतानाच बाद करावा लागतो. दुर्घटनेनंतर उसळणारा दानशूरपणा एकदाच दोर घेऊन देतो; तो बदलण्याची वेळ येते तेव्हा वर्तमानपत्रांना दुसरी बातमी मिळालेली असते.

परंतु दोराच्या आधी डोली होती. हरसूलच्या पाड्यांवर पावसाळ्यात आजारी माणूस वा अडलेली बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणली जाते. याच भागातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवरच्या लाकडी बल्ल्यांवरून पाणी आणत. जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच जुलैत तो पुरात निकामी झाला. निसरड्या वाटेवर खांदा कसा बदलावा, ओढा कुठे ओलांडावा, हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षण शिबिराचे नव्हे. गडावर पर्यटक जखमी झाला की पहिली हाक पायथ्याच्या याच माणसांना जाते. शहरातले पथक पोहोचायला तास लागतात. बातमीत त्यांचा उल्लेख 'स्थानिक ग्रामस्थांच्या मदतीने' एवढाच. ही तृतीया विभक्ती मला खटकते, कारण कर्ता तिच्यात लपतो.

तेव्हा देणगीदाराने पथकाला मदत करताना जमाखर्चाचे आणखी एक कलम आग्रहाने मागावे: ऐन आवणीत डोली उचलणाऱ्याचा जो दिवस बुडाला, त्याची मजुरी.