महामार्ग रुंदीकरण आणि जनमत (अहिल्यानगर जिल्हा)

टोलरस्ता रुंद करावा की नाही, यावर लोकांचे मतदान घेण्याची तरतूद भारतीय महामार्ग कायद्यात नाही. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातून पुणे–नाशिक (क्र. ६०), कल्याण–अहिल्यानगर (क्र. ६१) आणि शिर्डी–अहिल्यानगर–दौंड (क्र. १६०) हे राष्ट्रीय महामार्ग जातात. येथे जनमत मतपेटीऐवजी लेखी हरकत, ग्रामसभेचा ठराव आणि रास्ता रोको यांतून प्रकटते.

कार्यपद्धती : राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत जमिनीत हितसंबंध असलेल्याला हरकत घेता येते. सक्षम प्राधिकारी (बहुधा प्रांताधिकारी) सुनावणी घेऊन ती मान्य वा अमान्य करतो. पुढील घोषणेनंतर जमीन केंद्र सरकारकडे निहित होते आणि वाद मुख्यतः मोबदल्यापुरता उरतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक आहे; मात्र राष्ट्रीय महामार्गांना ही अट लागू नाही. त्या कायद्याप्रमाणे मोबदला मात्र १ जानेवारी २०१५ पासून मिळतो. मोठ्या रुंदीकरणासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी होते. तीत म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जाते, हात मोजले जात नाहीत.

मतदानाचे दाखले : गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी राज्यात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे गुप्त मतदान होते; एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडवी’ला पडल्यास दुकान बंद होते. जमिनीसाठी असे मतदान रायगड जिल्ह्यात झाले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. तो प्रशासनाने घेतला असला तरी कायद्याने बंधनकारक नव्हता.

टोल : रस्ता झाल्यावरचा असंतोष टोलनाक्यावर उमटतो. कोल्हापुरातील शहरांतर्गत टोल दीर्घ आंदोलनानंतर रद्द झाला. २०१५ मध्ये राज्य सरकारने १२ टोलनाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी बसना सूट दिली. ही सूट राज्याच्या अखत्यारीतील नाक्यांपुरती होती. संगमनेरजवळचा हिवरगाव पावसा नाका राष्ट्रीय महामार्गावर असल्याने त्याला केंद्राचे नियम लागू होतात. नाक्यापासून २० किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी वाहनांना त्यांनुसार सवलतीचा मासिक पास मिळतो.