फ्लेक्सवरचा क्रूस आणि 1949 चा विश्वास

पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा. विषय आपल्या मावळचाही आहे.

डिसेंबर लागला की लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत नाताळच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. त्यात वाईट काही नाही. गणपतीला लागतात, ईदला लागतात, शिवजयंती आणि भीमजयंतीला लागतात, तसे नाताळला. पण निवडणूक तोंडावर असली की फ्लेक्सवरचा येशू लहान होतो आणि इच्छुकाचा फोटो मोठा होतो. मग मेणबत्ती लावतानाचं रील येतं. पाठोपाठ डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद घेतल्याचा व्हिडिओ येतो. इतकी वर्षं बातमीदारी करताना हे दर निवडणुकीत बघतोय. म्हणून म्हटलं, या गोष्टीचा इतिहास एकदा नीट मांडावा.

आधी आकडा बघू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते साधारण 10 लाख 80 हजार. म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. आपल्याकडे मात्र ही मंडळी नवी नाहीत. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये लोणावळ्याची नोंद आहे. तिथे रेल्वेच्या कारखान्याबरोबर प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशी दोन्ही प्रार्थनामंदिरं नोंदलेली आहेत. म्हणजे घाटातली रेल्वे जेवढी आपली, तेवढेच हे लोकही आपले.

आता थोडं मागे जाऊ. 1932 साली इंग्रज सरकारने जातीय निवाडा दिला. त्याच निवाड्यावरून गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं आणि पुणे करार झाला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच निवाड्यात भारतीय ख्रिस्ती लोकांनाही स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, हे फारसं कोणाला माहीत नसतं. 1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत 175 जागा केल्या. त्यातल्या 3 ख्रिस्ती लोकांसाठी होत्या. ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचं. 1937 ची निवडणूक तशीच झाली. तेव्हा धर्माच्या नावाने मत मागणं हा गुन्हा नव्हता, ती सरकारने घालून दिलेली पद्धतच होती.

ही पद्धत सगळ्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना मान्य होती असं नाही. पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेले के. टी. पॉल स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होते. वेगळी पेटी मिळाली की माणूस त्या पेटीतच बंद होतो, ही भीती त्यामागे होती.

मग स्वातंत्र्य आलं आणि घटना समिती बसली. घटना समितीचे उपाध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. मे 1949 मध्ये घटना समितीसमोर प्रश्न आला की धार्मिक अल्पसंख्याकांना कायदेमंडळात राखीव जागा ठेवायच्या का. मुखर्जींनी राखीव जागा नकोत अशी बाजू घेतली. मद्रासहून आलेले जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसोझा यांनीही त्याला पाठिंबा दिला. जागा गेल्या.

जरा विचार करा. शंभरात दोन-तीन असलेला समाज हातातल्या जागा सोडतो. कशाच्या जोरावर? शेजाऱ्यावरच्या विश्वासाच्या जोरावर. आम्हाला ख्रिस्ती म्हणून मोजू नका, नागरिक म्हणून मोजा, एवढंच त्यांचं मागणं.

कायद्यानेही तीच दिशा धरली. लोकप्रतिनिधित्व कायदा आला 1951 साली. त्याचं कलम 123(3) सांगतं की धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावाने मत मागणं किंवा धार्मिक चिन्हं वापरणं हा भ्रष्ट आचार. 1987 ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक जुन्या लोकांना आठवत असेल. डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला.

दुसरा खटलाही मुंबईचाच. 1990 मध्ये सांताक्रूझमधून भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. सी. डी. कोम्माचेन यांच्या याचिकेवर 1991 मध्ये उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. प्रकरण थेट 2 जानेवारी 2017 पर्यंत चाललं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की फक्त उमेदवाराच्याच नाही, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. म्हणजे हिंदू उमेदवार असो की मुस्लिम, त्याने ख्रिस्ती मतदारासमोर येशूच्या नावाने झोळी पसरली तरी ते चालणार नाही.

विरोधातल्या तिघांचा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. हे घराणं आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचं. त्यांचा मुद्दा वेगळा होता. एखाद्या समाजावर धर्मामुळे किंवा जातीमुळे अन्याय होत असेल, तर तो प्रचारात मांडूच नये का? हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता गोव्याकडे येऊ, कारण तिथे ख्रिस्ती मतं पंचवीस टक्क्यांच्या घरात. मुक्तीनंतर पहिली निवडणूक झाली डिसेंबर 1963 मध्ये. तीस जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला 14 आणि युनायटेड गोवन्सला 12. एका पक्षामागे मुख्यतः बहुजन हिंदू, दुसऱ्यामागे मुख्यतः ख्रिस्ती, असा तो हिशेब होता. पण 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला तेव्हा हा हिशेब चुकला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. नुसत्या ख्रिस्ती मतांवर हे झालंच नसतं. प्रचार भाषेचा आणि गोंयकारपणाचा झाला, म्हणून हिंदू मतंही तिकडे गेली. चर्च किंवा देऊळ पुढे न करता लोक एकत्र येतात, याचं एवढं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे.

आणि मग आपलं मावळ. हा लोकसभा मतदारसंघ 2009 पासूनचा. मावळ, चिंचवड, पिंपरी, पनवेल, कर्जत, उरण. 2019 मध्ये राष्ट्रवादीचे उमेदवार पार्थ पवार प्रचारात दापोडीतल्या एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळी गेले. तिथे प्रार्थनेने आजार बरे होतात असे दावे केले जायचे. भेटीचे फोटो फिरले, टीका झाली. निकालात श्रीरंग बारणे दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. त्या पराभवाला हा फोटो कारण होता असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. मला खटकलं ते वेगळंच. उमेदवार निवडणूक हरून मोकळा झाला. पण त्या दिवसांत मोबाइलवर जी टिंगल फिरली ती प्रार्थनेची आणि प्रार्थना करणाऱ्यांची होती. फोटो काढताना त्यांना कोणी विचारलं होतं का?

गोव्यात तर 2022 ला कहरच झाला. आधी आम आदमी पक्षाने मोफत तीर्थयात्रेचं आश्वासन दिलं. हिंदूंना अयोध्या, ख्रिस्तींना वेलंकनी, मुस्लिमांना अजमेर शरीफ, साईभक्तांना आपली शिर्डी. मग 22 जानेवारी 2022 ला काँग्रेसने आपले उमेदवार पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रूसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घेतली की पक्ष सोडणार नाही. कॅमेरे अर्थातच हजर. काँग्रेसचे 11 निवडून आले आणि 14 सप्टेंबर 2022 ला त्यातले 8 भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर दिगंबर कामत म्हणाले की मी देवाला विचारलं आणि देवाने परवानगी दिली. क्रूस काही बोलला नाही. तो बोलत नाही, म्हणूनच जाहिरातीला सोयीचा पडतो.

आता शेवटचा मुद्दा. या फ्लेक्सवर काय नसतं ते बघा. मराठी ख्रिस्ती समाजातली बरीच घरं मूळची दलित. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने यासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दर्जा द्यावा की नाही यावर मतभेद असतील, खुशाल असोत. पण नाताळचा केक कापणाऱ्या किती उमेदवारांनी या प्रश्नावर एक वाक्य तरी बोललंय? दफनभूमीच्या जागेवर कोण बोललं?

चंद्रचूड म्हणत होते ते हेच. समाजाचा प्रश्न मांडणं वेगळं आणि समाजाचा देव वापरणं वेगळं. आपल्याकडे देव वापरतात आणि प्रश्न सोडून देतात. 1949 मध्ये ज्यांनी राखीव जागा सोडल्या, त्यांना आपण पुन्हा त्याच पेटीत बसवतोय. फरक इतकाच की तेव्हा पेटीबरोबर 3 जागा तरी मिळायच्या, आता नुसता फ्लेक्स मिळतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा घेऊन आला, तर त्याला बसायला जागा द्या, चहा द्या आणि दोन गोष्टी सांगा. कॅमेरा बाहेर ठेवा. आणि आमच्या प्रश्नावर तुम्ही काय करणार ते लेखी द्या.

हे फक्त ख्रिस्ती बांधवांसाठी नाही. देऊळ, मशीद, विहार, गुरुद्वारा, सगळीकडे चालेल. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.