तीन वर्षे झाकून ठेवलेली भेट

पाडव्याच्या संध्याकाळी पत्नीने ओवाळायचे आणि पतीने तबकात काहीतरी घालायचे, ही आपल्याकडची रीत. हे ‘काहीतरी’ काय असावे याची चर्चा घरोघरी आधीपासूनच सुरू होते आणि पुष्कळदा ती सराफाच्या दुकानात संपते. मला मात्र या दिवसांत एका निराळ्याच भेटीची हटकून आठवण होते. ती दिली पत्नीने आणि घेतली पतीने. दोघेही तेव्हा मायदेश सोडून इटलीत राहत होते. लग्नाला तीन वर्षे पुरी होत आली होती. आणि भेट म्हणजे काय, तर हाताने लिहिलेली एक लहानशी वही!

पत्नी एलिझाबेथ बॅरेट, पती रॉबर्ट ब्राउनिंग. दोघेही इंग्रजी कवी. १८४५ च्या जानेवारीत रॉबर्टने तिला पहिले पत्र लिहिले, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान. दीर्घ आजाराने ती लंडनमधल्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात जवळजवळ खोलीबंदच झालेली. त्यात वडील विलक्षण हट्टी. आपल्या एकाही अपत्याने लग्न करू नये, असा त्यांचा दंडक होता. १२ सप्टेंबर १८४६ रोजी सेंट मेरिलेबोनच्या चर्चमध्ये या दोघांनी गुपचूप लग्न केले. साक्षीला दोनच माणसे: तिची दासी आणि त्याचा मावसभाऊ. लग्न लागल्यावर ती बोटातली अंगठी काढून पुन्हा वडिलांच्याच घरी गेली आणि आठवडाभर काही घडलेच नाही अशी राहिली. मग दासी आणि लाडका कुत्रा फ्लश यांना घेऊन तिने नवऱ्यासह इंग्लंड सोडले. वडिलांनी तिला अखेरपर्यंत क्षमा केली नाही. तिने पाठवलेली पत्रे त्यांनी न फोडता ठेवून दिली.

प्रेमाच्या त्या दीड वर्षात दोघांमध्ये शेकडो पत्रांची ये-जा झाली होती. परंतु एक गोष्ट एलिझाबेथने पत्रांतही कळू दिली नव्हती. ती रॉबर्टवर सुनीते लिहीत होती. केशवसुतांमुळे हा चौदा ओळींचा काव्यप्रकार आपल्याही ओळखीचा आहे. आज तिची ही ४४ सुनीते इंग्रजीतल्या उत्तम प्रेमकवितांत गणली जातात; पण ज्याच्यासाठी ती लिहिली, त्यालाच त्यांचा पत्ता नव्हता!

ती त्याच्या हाती केव्हा पडली? मी ही हकीगत प्रथम वाचली ती अशी. १८४७ चा आरंभ, गाव पिसा. न्याहारीनंतर रॉबर्ट खिडकीशी उभा असताना एलिझाबेथने मागून येऊन त्याच्या कोटाच्या खिशात कागदांचे पुडके कोंबले, आवडले नाही तर फाडून टाकायला सांगितले आणि ती आपल्या खोलीकडे पळाली. एडमंड गॉस या नामांकित समीक्षकाने १८९४ मध्ये ही गोष्ट छापली आणि ती जगभर पसरली. तिला पुरावाही होता. ‘रेडिंग, १८४७’ असे छापलेली, या सुनीतांची एक छोटी पुस्तिका संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला विकली जात होती.

१९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी त्या पुस्तिकेचा कागद तपासून घेतला. त्यात लाकडाचा रासायनिक लगदा निघाला. तसा कागद इंग्लंडात वापरात आला तो १८७० नंतर! मग १८४७ ची पुस्तिका त्यावर कशी छापली जाणार? पुस्तिका बनावट ठरली, आणि संशयाचे बोट वळले ते टॉमस वाइज या नामवंत ग्रंथसंग्राहकाकडे. पुढे त्याच्याविरुद्धचा पुरावा भक्कमच होत गेला. पत्नीने पतीला दिलेल्या भेटीवर कोणीतरी असा धंदा केला होता.

खरी हकीगत रॉबर्टने स्वतः एका मैत्रिणीला १८६४ मध्ये पत्रातून कळवली होती. ते पत्र छापले गेले १९३७ मध्ये. ती अशी. १८४९ चा मार्च. त्रेचाळीस वर्षांच्या एलिझाबेथला मुलगा झाला, आणि त्याच सुमारास इंग्लंडात रॉबर्टची आई वारली. घरात पाळणा हलत होता आणि बाप दुःखात बुडाला होता. हवापालट व्हावा म्हणून ती उन्हाळ्यात बान्यी दि लुक्का या डोंगरी गावी आली. आपले प्रेम कवितेत मांडणे बरे नव्हे, असे रॉबर्ट पूर्वी कधीतरी बोलून गेला होता. तेवढ्या एका बोलण्याने तिने वही झाकून ठेवली होती. इथे एकदा तो सहज उलट बाजूने काही बोलला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने चाचरत विचारले, मी तुमच्यावर काही कविता लिहिल्या होत्या, ठाऊक आहे का? आणि वही पुढे केली. ती खिडकी, समोरचे उंच मिमोसाचे झाड, उजवीकडचे चर्चचे आवार, सारे पंधरा वर्षांनीही त्याच्या डोळ्यांपुढे होते.

पिसाच्या गोष्टीत चुणचुणीतपणा आहे. पण या गोष्टीपुढे ती मला फिकी वाटते. नवी नवरी लाजून पळाली, एवढेच तिथे घडते. इथे पतीच्या एका शब्दाचा मान राखून पत्नी तीन वर्षे गप्प बसते आणि त्याचे मन सर्वांत रिते झाले असताना वही पुढे करते. भेट तीच, पण वेळेने तिचे मोल पालटले.

रॉबर्टने ती छापण्याचा आग्रह धरला. खासगी भावना उघड्यावर येऊ नयेत म्हणून १८५० मध्ये ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’ असे, अनुवाद भासावा असे, नाव दिले. त्या ‘पोर्तुगीज’चा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. एलिझाबेथने पूर्वी एक कविता लिहिली होती. तीत पोर्तुगीज कवी कामोइंश परदेशी असताना त्याची प्रेयसी कातारिना मरणशय्येवर त्याला आठवते. ही कविता रॉबर्टची फार आवडती. नाव सुचले ते तिच्यावरून. हा कामोइंश १५५३ मध्ये गोव्यात उतरला होता आणि त्याची अनेक वर्षे पूर्वेकडे गेली. त्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे.

१८५५ मध्ये रॉबर्टने ‘मेन अँड विमेन’ हा संग्रह काढला. त्यातल्या पन्नास कवितांत बहुतकरून परकी माणसेच बोलतात. शेवटी मात्र त्याने एक्कावन्नावी कविता जोडली, ती पत्नीला उद्देशून आणि स्वतःच्या आवाजात. आपले प्रेम कवितेत मांडू नये म्हणणाऱ्या माणसाने सहा वर्षांनी केलेली ही परतफेड होती.