मास्तर, पोस्टमास्तर आणि डेटा एंट्री

'आम्हाला शिकवू द्या', ही शिक्षकांची मागणी आपण पेपरात नेहमी वाचतो. निवडणूक आली की हमखास. पण शिक्षकाच्या गळ्यात ही बाकीची कामं आली कुठून, हे शोधायला गेलं की एका अनपेक्षित माणसाशी गाठ पडते. जोतीराव फुले!

१८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्याला फुल्यांनी दिलेल्या निवेदनावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२. (आमचं मरोळ तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यातलं एक गाव होतं. सीप्झ नाही, मेट्रो नाही. तेव्हा पुढचं वाचताना असंच एखादं गाव डोळ्यासमोर ठेवा.) प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, प्रशिक्षित असावेत, मोठ्या गावात पगार किमान १५-२० रुपये असावा, असं फुले म्हणतात. आणि मग म्हणतात, त्यांना गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामंही द्यावीत. का? तर त्याने गावात त्यांचा मान वाढेल.

आज वाचताना दचकायला होतं. पण त्या गावात लिहिता-वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि लेखणी कुलकर्ण्याकडे. दप्तर ज्याच्या हाती त्याचं गावावर राज्य, हे फुल्यांनी पुरेपूर पाहिलं होतं. त्या दप्तरावर शेतकऱ्याच्या घरातला मास्तर नजर ठेवणार! माझ्या मते हे 'जादा काम' नव्हतंच, सत्ता इकडून तिकडे नेण्याचा बेत होता. आणि सोबत चांगला पगार मागितला होता, हेही विसरायला नको.

पुढे झालं भलतंच. कुलकर्ण्याचं दप्तर काही मास्तरांकडे आलं नाही, बाकीची कामं मात्र आली. कित्येक गावांत मास्तरच पोस्ट सांभाळायचे. मग जनगणना, मतदारयाद्या, मतदान. आणीबाणीत तर देशात अनेक ठिकाणी नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट शिक्षकांना दिलं गेलं. गावोगाव पसरलेला, लिहिता येणारा, वर 'नाही' म्हणू न शकणारा माणूस सरकारला आयता मिळाला होता. मान वगैरे राहिला बाजूला.

आवर घालायचे प्रयत्न झाले. २००७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निवडणुकीचं काम शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या किंवा शिकवणं नसलेल्या दिवशीच द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ आणखी स्पष्ट आहे: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येणार नाही. आता जानेवारी २०२४ आठवा. राज्य मागासवर्ग आयोगासाठी घरोघरी सर्वेक्षण झालं. तीनपैकी कशात बसतं ते? तरी त्यात शिक्षक होतेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा जीआर काढला. ठीक आहे. पण वर्गवारी केल्याने काम कमी होत नाही, फक्त त्याला नाव मिळतं.

मला धंद्यामुळे जास्त खटकतं ते वेगळंच. २०१५ मध्ये राज्याचं 'सरल' आलं. शिवाय केंद्राचं यू-डायस. पगारासाठी शालार्थ. आज किती मुलं जेवली, तांदूळ किती लागला, याची रोजची नोंद वेगळी. हे सगळं शाळेचंच काम, त्यामुळे कलम २७ त्याला धड लागूही होत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत क्लार्क नसतो. दोन शिक्षकी शाळेत एक जण मोबाइलवर माहिती भरत बसला की पहिली ते चौथी, चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर!

एकाच मुलाचं नाव आणि जन्मतारीख दोन सिस्टिममध्ये भरा, असं आपण क्लायंटला सांगून बघा. दुसऱ्या मीटिंगला बोलावणार नाही. नवीन पोर्टल सुरू करताना कोणतं जुनं रजिस्टर बंद होणार, हे त्याच जीआरमध्ये लिहायची सक्ती करा. एवढं केलं तरी खूप वेळ सुटेल. सध्या ऑनलाइन सगळं भरून झाल्यावरही शाळेतलं जनरल रजिस्टर हाताने लिहावंच लागतं.