चारशे चाळीस रुपयांचा पत्ता

दिवाळीत भाचा गोरेगावहून आला होता. चिंचणीला आला की आधी समुद्रावर एक फेरी आणि मग ओटीवर चहा, हा त्याचा लहानपणापासूनचा नेम. यंदा समुद्र राहिला बाजूला आणि बॅगेतून गाड्यांची रंगीत पत्रकं बाहेर आली. पहिलीच गाडी घेतोय, उत्साह असणारच. बोलता बोलता म्हणाला, "आत्या, गाडी तुझ्या पत्त्यावर घेतली तर चालेल का गं? मुंबईचा इन्शुरन्स महाग असतो म्हणतात. ऑफिसात दोघांनी गावच्या पत्त्यावरच घेतलीय."

मी नुसतंच "बघू" म्हणाले. इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी "म्हणतात" म्हटलं, की कोण म्हणतं, कुठे लिहिलंय आणि केव्हापासून, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. दिवाळी झाल्यावर निवांतपणे शोधायला बसले. जे सापडलं ते इथे मांडते आहे.

आपल्याकडे मोटारीच्या विम्याचे दर कित्येक वर्षं सगळीकडे ठरवून दिलेले असत. १ जानेवारी १९७३ पासून जीवनविमा सोडून बाकीचा विमा सरकारी झाला. शंभराहून अधिक कंपन्या चार कंपन्यांमध्ये सामावल्या गेल्या. मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. यातली न्यू इंडिया ही सर दोराबजी टाटांनी १९१९ साली काढलेली. कुठल्याही कंपनीत जा, दर एकाच पुस्तकातून काढायचा. त्या पुस्तकाला टॅरिफ म्हणत.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या टॅरिफमध्ये खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग होते. 'अ' विभागात आठ शहरं : मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद. उरलेला सगळा देश 'ब' विभागात. म्हणजे नागपूर आणि आमची चिंचणी एकाच रांगेत! आणि गाडी कुठे धावते हे बघायचंच नाही, तिची नोंदणी कुठल्या आरटीओत झाली तेवढं बघायचं. "गावच्या पत्त्यावर घ्या" या सल्ल्याचं मूळ मला इथे सापडलं.

आता फरक किती, ते पाहू. हजार सीसीपर्यंतची, पाच वर्षांच्या आतली गाडी असेल तर 'अ' विभागात तिच्या किमतीच्या ३.१२७ टक्के आणि 'ब' विभागात ३.०३९ टक्के. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. पाच लाखांची गाडी धरली तर मुंबईत १५,६३५ रुपये आणि गावात १५,१९५. फरक ४४० रुपयांचा!

मी पुन्हा आकडेमोड केली. ४४०च.

१ जानेवारी २००७ पासून हे बंधन सुटलं आणि कंपन्या गाडीच्या नुकसानीचा दर आपापल्या हिशेबाने ठरवू लागल्या. त्यामुळे आज हा फरक कंपनीगणिक कमीजास्त होतो. पण "मुंबईचा विमा महाग" ही समजूत ज्या पुस्तकाच्या काळापासून चालत आली, त्या पुस्तकात तो एवढाच होता.

मग शहरात राहणाऱ्याला विमा महाग पडतच नाही का? पडतो, पण वेगळ्या वाटेने. वर्षभरात एकदाही नुकसानभरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, आणि ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. वरच्याच आकड्यावर धरलं तर पहिल्याच वर्षाची सूट ३,१२७ रुपये होते, म्हणजे त्या ४४० च्या सातपट. मुंबईच्या गर्दीत कुणी दार घासून गेलं, दुरुस्तीसाठी एकदा भरपाई घेतली, की ही सूट गेली.

शिवाय पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण टीव्हीवर पाहिलंच. साध्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण पाण्यात उभी असलेली गाडी कुणी चालू केली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर ते नुकसान नंतरचं, मालकाने ओढवून घेतलेलं, असं कंपन्या म्हणतात. म्हणून पुढे इंजिनासाठी जादा पैसे भरून घ्यायचं वेगळं संरक्षण आलं. शहरातल्या माणसाने खरं तर त्याची चौकशी करायला हवी, पत्त्याची नाही.

इथवर वाचून झालं आणि मला जाणवलं, की आम्ही दोघंही एकाच बाजूने विचार करत होतो. आपली गाडी, आपलं नुकसान, आपला हप्ता. कायद्याला विमा सक्तीचा करताना आपली गाडी मुळी दिसतच नव्हती.

ब्रिटनने १९३० साली मोटारविमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली आणि १ जुलै १९४६ पासून ती अमलात आली. सक्ती कशाची? गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भरपाईची. विमा उतरवणारा आणि कंपनी हे दोघं करारातले, आणि रस्त्यावरचा तो तिसरा. म्हणून 'थर्ड पार्टी'. त्याने सही केलेली नसते, हप्ता भरलेला नसतो, तरी विमा त्याच्यासाठी. गाडीवाला कफल्लक निघाला तर जखमी माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं, या प्रश्नाचं हे उत्तर होतं. आणि या विम्याला गाव-शहर नाही. जून २०२२ पासून ठरलेला दर हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, मरीन ड्राइव्हवरही तेवढाच आणि चिंचणीच्या बाजारातही तेवढाच.

तो तिसरा माणूस मी पाहिला आहे. १९९३ सालची गोष्ट. माझा एक विद्यार्थी दहावी होऊन बोईसरला एमआयडीसीत लागला होता. पहाटेच्या पाळीला सायकलवरून जाताना टेम्पोने उडवलं. जीव वाचला, उजवा पाय गेला. टेम्पोचा विमा नव्हता. तेव्हा जिल्हा ठाणे. त्याची आई बोईसरहून दादर, दादरहून ठाणे अशा खेपा घालायची. तिचे अर्ज मी लिहून देत असे. शेवटी न्यायाधिकरणाचा निकाल तिच्या मुलाच्या बाजूने लागला. पण पैसे द्यायचे टेम्पोमालकाने, आणि त्याच्याकडे काय होतं? टेम्पोसुद्धा कर्जावरचा, तो कर्ज देणाऱ्याने ओढून नेला. निकालाचा कागद घेऊन ती माऊली माझ्या ओटीवर बसली आणि म्हणाली, "बाई, जिंकलो ना आपण? मग पैसे कुठं हायत?"

मला काही उत्तर देता आलं नाही. आजही देता येणार नाही.

भाच्याला फोन करून हे सगळं सांगितलं. विमा हा विश्वासावरचा करार आहे, त्यात राहत नाही तो पत्ता लिहिलास तर उद्या कंपनीला बोट ठेवायला जागा मिळेल, हेही सांगितलं. तो हसला. "चारशे चाळीस रुपयांसाठी एवढा इतिहास, आत्या?" गाडी मात्र गोरेगावच्या पत्त्यावरच घेतली.

आता खरं सांगायचं ते शेवटी सांगते. फोन ठेवला आणि अंगणात लक्ष गेलं. आमच्या ह्यांची स्कूटर. हे गेल्यापासून शेजारचा मुलगा कधीमधी नेतो, माझी औषधं, भाजी आणून देतो. कपाटातून कागद काढले. विमा संपून दोन वर्षं झाली होती. दुसऱ्याला धडे देणारी मी, माझ्याच अंगणातून दोन वर्षं बिनविम्याची गाडी त्याच बोईसरच्या रस्त्यावर जात होती. मुलगा जपून चालवतो म्हणून निभावलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने बोईसरला जाऊन पैसे भरून आले. ७१४ रुपये आणि वर जीएसटी.

असो. मंडळी, तुमच्याही अंगणात एखादी जुनी स्कूटर उभी असेल. तिचे कागद एकदा काढून बघा.